प्राथमिक आरोग्य केंद्रांतील गुणवत्ता-सुधारणा आणि परिचारिकांचा अनुभव : एक आढावा

प्रश्नाची कक्षा

गेल्या दीड-दोन दशकांत आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे बाह्य रूप पुष्कळच पालटले. भिंतींना रंग आला, दर्शनी भागात नागरिकांची सनद लागली, प्रसूतिकक्षाच्या दाराशी हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचे चित्र आले, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी पिवळे, तांबडे, निळे आणि पांढरे डबे रांगेने मांडले गेले, आणि दप्तराच्या कपाटात नव्या नोंदवह्यांची एक चळत उभी राहिली. या सर्व उद्योगास शासकीय परिभाषेत गुणवत्ता-सुधारणा कार्यक्रम असे नाव आहे, आणि त्याच्या यशापयशाचा हिशेब सामान्यतः गुणांच्या टक्केवारीत, प्रमाणपत्रांच्या संख्येत आणि पारितोषिकांच्या यादीत मांडला जातो. परंतु जिच्या हातून हा कार्यक्रम दिवसेंदिवस प्रत्यक्षात उतरतो, त्या परिचारिकेला तो कसा भासतो, तिच्या कामात तो साह्यकारी होतो की त्याचा तिला भार होतो, आणि तिच्या या अनुभवाला कार्यक्रमाच्या मूल्यमापनात काही स्थान असावे की नसावे, हा प्रश्न तुलनेने उशिरा विचारला गेला. त्याविषयी अभ्यासकांत, प्रशासकांत आणि खुद्द परिचारिकांत आज जी मते आहेत, त्यांचा क्रमाने परामर्श घेण्याचा येथे उद्देश आहे.

परिचारिका म्हणताना येथे केंद्रातील अधिपरिचारिका, उपकेंद्रातील आरोग्य सेविका आणि त्यांच्यावर देखरेख करणारी आरोग्य सहायिका या तिघीही अभिप्रेत आहेत. त्यांची पदे, वेतन आणि नेमणुकीचे प्रकार भिन्न असले, तरी गावकऱ्यांच्या तोंडी त्या तिघीही ‘सिस्टर’च असतात, आणि तपासणीचे पथक आले म्हणजे बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यांनाच द्यावी लागतात.

पूर्वपीठिका

१९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने आपला अहवाल सादर केला, तेव्हा अखंड हिंदुस्थानात जेमतेम सात हजार परिचारिका होत्या, म्हणजे सुमारे ४३ हजार लोकांमागे एक. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि त्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रांची उभारणी सुरू झाली. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ही केंद्रे त्यांच्या अखत्यारीत गेली, आणि आजही राज्यातील सुमारे अठराशे प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि साडेदहा हजारांच्या घरातील उपकेंद्रे यांचा दैनंदिन कारभार मुख्यतः जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडून चालतो. ही प्रशासकीय बाब येथे मुद्दाम नमूद केली आहे, कारण मंजुरी एका कार्यालयाची, निधी दुसऱ्याचा आणि तपासणी तिसऱ्याची, ही जी परिस्थिती परिचारिकांच्या कथनांत वारंवार आढळते, तिचे मूळ या रचनेत आहे.

१९७३ साली कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कार्यकर्त्यांची कल्पना मांडली आणि सुईणकामाचे शिक्षण घेतलेल्या प्रसाविकेकडे हिवताप, लसीकरण, कुटुंबनियोजन अशी अनेक कामे आली. या बदलामुळे तिचा गावाशी संबंध व्यापक झाला, परंतु तिचे काम लक्ष्यांच्या आकड्यांत मोजण्याची प्रथाही त्याच काळात दृढ झाली. परिचारिकांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी १९८७ साली सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चाधिकार समितीने १९८९ साली अहवाल दिला. अपुरे मनुष्यबळ, निवासाची आबाळ आणि परिचर्येशी संबंध नसलेल्या कामांचा बोजा हे आज ऐकू येणारे विषय त्या वेळीही नवे नव्हते.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आल्यावर मात्र परिस्थितीने निराळे वळण घेतले. देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये ७८.९ आणि २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात ते ९४.७ टक्के झाले. स्त्रिया केंद्रात येऊ लागल्या, परंतु त्या प्रमाणात माता आणि अर्भके वाचेनात, अशी जाणीव जसजशी बळावली, तसतसा धोरणाचा रोख संख्येकडून गुणवत्तेकडे वळला. २०१८ साली ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाने तर असे अनुमान मांडले की, अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत उपचाराने टळू शकणाऱ्या मृत्यूंपैकी दरवर्षी सुमारे ५० लाख मृत्यू सेवा न मिळाल्याने नव्हे, तर मिळालेली सेवा निकृष्ट असल्यामुळे होतात. तेव्हापासून गुणवत्तेचा विषय केवळ इष्ट न राहता अपरिहार्य मानला जाऊ लागला.

तपासणीची आजची रचना

भारतात या विषयाचा मुख्य आधार म्हणजे २०१३ साली आलेली राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके होत. त्यांची मांडणी आठ क्षेत्रांत आहे : सेवांची उपलब्धता, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, वैद्यकीय उपचार, जंतुसंसर्ग-नियंत्रण, गुणवत्ता-व्यवस्थापन आणि फलनिष्पत्ती. १९६६ साली अवेदिस डोनाबेदियन यांनी रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशी जी त्रिविध विभागणी सुचविली होती, तिची छाया या आठ क्षेत्रांवर स्पष्ट दिसते. प्रत्येक तपासणी-बिंदूला शून्य, एक किंवा दोन गुण मिळतात, आणि ते निरीक्षण, कर्मचाऱ्यांची मुलाखत, दप्तराची पडताळणी आणि रुग्णांची मुलाखत या चार मार्गांनी ठरविले जातात. पुरेसे गुण मिळाल्यास तीन वर्षांसाठी प्रमाणपत्र आणि त्याबरोबर अनुदान मिळते. २०१५ साली याला ‘कायाकल्प’ योजनेची जोड मिळाली. तिचा भर स्वच्छता, कचरा-व्यवस्थापन आणि परिसराच्या निगेवर असून, अंतर्गत तपासणी, शेजारच्या संस्थेच्या पथकाची तपासणी आणि बाहेरील तपासणी अशा तीन पायऱ्या तिच्यात आहेत, आणि पारितोषिकाच्या रकमेचा पाव हिस्सा कर्मचाऱ्यांसाठी राखलेला आहे.

हे सारे कागदावर सुसंगत दिसते. प्रत्यक्षात ते कसे घडते, हे समजण्यासाठी एकच बिंदू जवळून पाहणे उपयुक्त ठरेल. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत मातेला ऑक्सिटोसिनची १० युनिटे द्यावयाची असतात, आणि ते औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले नाही तर त्याचा गुण कमी होतो. तपासनीस येतो तेव्हा तो फ्रीज उघडून औषध कोठे ठेवले आहे ते पाहतो, दारावरच्या तक्त्यात सकाळ-संध्याकाळचे तापमान भरले आहे की नाही ते तपासतो, आणि सिस्टरला मात्रा व वेळ विचारतो. येथवर सर्व योग्यच आहे, आणि ज्या परिचारिकेने रक्तस्रावाने खचणारी बाई पाहिली आहे तिला या तक्त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. परंतु वीज आठ-दहा तास गेली, जनरेटरला डिझेल नाही, डिझेलच्या खर्चाला रुग्ण कल्याण समितीची मंजुरी आणि वैद्यकीय अधिकाऱ्याची सही हवी, आणि सभा पुढच्या महिन्यात आहे, अशा वेळी तापमान १४ अंशांवर गेल्याची खरी नोंद करावी की ५ अंश लिहून तक्ता नीटनेटका ठेवावा, हा प्रश्न सिस्टरपुढे उभा राहतो. खरी नोंद केली तर दोष तिच्या कक्षात दिसतो. खोटी केली तर दोष औषधात राहतो. तक्ता तिच्या हाती आहे, डिझेल तिच्या हाती नाही; आणि माझ्या वाचनात परिचारिकांच्या अनुभवांचे जे जे अभ्यास आले, त्यांतील बहुतेक तक्रारींचे आणि पुष्कळशा समाधानाचेही मर्म या एका विषमतेत, म्हणजे जबाबदारी आणि अधिकार यांच्यातील अंतरात, साठविलेले आहे असे मला वाटते.

अनुभवाची अंगे

परिचारिकांच्या कथनांत सर्वाधिक उल्लेख लिखाणाचा असतो. गर्भवतींची नोंद, प्रसूतीची नोंद, संदर्भसेवेची नोंद, निर्जंतुकीकरणाची नोंद, उपकरणांच्या अंशांकनाचे दाखले, साठ्याची वही, रुग्णांचे अभिप्राय, आणि शिवाय यांतीलच पुष्कळशी माहिती संगणकात किंवा टॅबवर पुन्हा भरणे, असा हा पसारा आहे. पार्टोग्राफचे, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीच्या आलेखाचे, उदाहरण सर्वपरिचित आहे. गर्भाशयमुख चार सेंटिमीटर उघडल्यापासून दर अर्ध्या तासाने बाळाच्या हृदयाचे ठोके आणि मातेची नाडी या आलेखावर मांडावयाची असते, जेणेकरून प्रसूती अडत आहे हे वेळीच ध्यानात येऊन १०८ क्रमांकाची गाडी बोलावता येईल. रात्रपाळीला एकटी सिस्टर, कळा देणाऱ्या दोन स्त्रिया, आणि त्यातच विंचू चावलेला कोणी दाराशी आला, तर आलेख अर्ध्या तासाने नव्हे, सकाळी प्रसूती झाल्यावर एकहाती भरला जातो, असे अनेक देशांतील अभ्यासांत नमूद झाले आहे. काहींनी त्याला नोंदीतील अप्रामाणिकपणा म्हटले; इतरांनी असे दाखविले की, त्या रात्री तिने ठोके ऐकले होते, पोटावर हात ठेवला होता, वेळेवर निर्णयही घेतला होता, फक्त लिहिण्यास तिसरा हात नव्हता. दोन्ही प्रकार घडतात, आणि वहीवरून ते वेगळे ओळखता येत नाहीत, हीच खरी अडचण आहे.

दुसरे अंग अभिमानाचे आहे, आणि आढावा घेताना ते वगळले तर चित्र एकांगी होईल. आपल्या केंद्राला प्रमाणपत्र मिळाले, तालुक्याहून लोक पाहावयास आले, प्रसूत झालेल्या बाईने येथे घरच्यापेक्षा स्वच्छ आहे असे म्हटले, याचे समाधान परिचारिका मोकळेपणाने सांगतात. वर्षानुवर्षे मागूनही न आलेले ऑटोक्लेव्ह, गळके नळ, बंद पडलेले दिवे आणि कडी नसलेले शौचालय मूल्यांकनाच्या निमित्ताने दुरुस्त झाले, हेही त्या सांगतात. तोंडी केलेल्या मागणीचा कागद झाला, कागदाला क्रमांक पडला, आणि वरिष्ठांना त्यावर शेरा लिहिणे भाग पडले. या अर्थाने मानकांनी तिच्या हाती एक साधन दिले.

तिसरे अंग भीतीचे. तपासणीपूर्वीचे पंधरा दिवस रजा बंद, घरी उशीर, भिंतींच्या रंगरंगोटीवर देखरेख, आणि गुण कमी पडल्यास सर्वांसमक्ष जाब, ही भीती कंत्राटी परिचारिकेच्या बाबतीत अधिक तीव्र असते, कारण तिच्या नेमणुकीचे नूतनीकरण ठराविक मुदतीने व्हावयाचे असते आणि त्यावर ज्यांची सही लागते, त्यांच्यासमोरच तिला केंद्रातील उणिवा बोलून दाखवाव्या लागतात.

मुख्य मतप्रवाह

या अनुभवांचा अर्थ कसा लावावा आणि त्यावर उपाय कोणता, याविषयी ढोबळमानाने चार-पाच भूमिका दिसतात.

पहिली भूमिका मानकांच्या पुरस्कर्त्यांची. त्यांच्या मते सुरुवातीचा त्रास हा कोणत्याही शिस्तीच्या आरंभी होणारा त्रास आहे; एकदा पद्धत अंगवळणी पडली की नोंदी कामाचाच भाग होतात, आणि लिखित मानकांवाचून लहान केंद्रातील परिचारिका वरिष्ठांच्या लहरीवर सोडली जाते. या म्हणण्यात तथ्य आहे. त्यावरील आक्षेप असा की, बाहेरील प्रमाणपत्राने नेहमीच्या दिवसापेक्षा तपासणीच्या दिवसाची तयारी वाढते, आणि ज्या त्रुटी केंद्राच्या आवाक्याबाहेर आहेत त्यांचाही गुण केंद्राच्याच खात्यातून वजा होतो.

दुसरी भूमिका हजेरी आणि प्रोत्साहनाची. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले होते की, उपकेंद्रे कामाच्या वेळेत ५६ टक्के वेळा बंद असतात आणि अशा वेळी परिचारिका नेमलेल्या गावांतही क्वचितच सापडते. २००६ साली ‘सेवा मंदिर’ या संस्थेच्या मदतीने तेथे वेळ-तारखेचा शिक्का उमटविणारी यंत्रे ठेवून गैरहजेरीबद्दल वेतनकपातीची व्यवस्था करण्यात आली. आरंभी हजेरी ठळकपणे वाढली. परंतु स्थानिक प्रशासनाने सूट दिलेल्या दिवसांची संख्या वाढत गेली आणि सोळा महिन्यांच्या सुमारास परिणाम नाहीसा झाला. या प्रयोगावरून काहींनी यंत्रणाच शिस्त मोडते असा निष्कर्ष काढला. इतरांचे म्हणणे असे की, बैठका, मोहिमा आणि गावफेऱ्या यांनी बांधलेल्या सेविकेचे काम उपकेंद्राच्या खोलीतील उपस्थितीने मोजता येत नाही, आणि ती सूट वरिष्ठांनी का दिली असावी हेही समजून घेतले पाहिजे. रवांडामध्ये गुणवत्तेशी निगडित निधीने संस्थात्मक प्रसूती २३ टक्क्यांनी वाढल्याचा अनुभव आहे, म्हणून प्रोत्साहनाचा मार्ग सर्वत्र विफल होतो असे म्हणता येणार नाही.

तिसरी भूमिका कामाच्या सूचीची, आणि या विषयातील सर्वांत मोलाचा पुरावा तिच्याभोवती जमला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची सूची बेळगाव परिसरातील एका उपजिल्हा रुग्णालयात वापरून पाहिली, तेव्हा २९ आवश्यक कृतींपैकी सरासरी १० कृती होत होत्या त्या २५ पर्यंत पोचल्या. या यशानंतर उत्तर प्रदेशातील २४ जिल्ह्यांत १२० संस्थांच्या ६० जोड्या करून दीड लाखाहून अधिक प्रसूतींचा मोठा अभ्यास झाला, आणि त्याचे फलित २०१७ साली प्रसिद्ध झाले. तेथे सूचीबरोबर प्रशिक्षक येत असत. ते शेजारी उभे राहून पाहत, नंतर बोलत, आणि आठ महिन्यांत त्यांच्या भेटी क्रमाने विरळ होत गेल्या. दोन महिन्यांच्या टप्प्यावर आवश्यक कृतींचे प्रमाण ७३ टक्के होते, तर जेथे कार्यक्रम नव्हता तेथे ४२ टक्के. प्रशिक्षण संपल्यावर चार महिन्यांनी, म्हणजे बाराव्या महिन्यात, ते ६२ वर उतरले, तर दुसरीकडे ४४ होते. आणि मृत्यू व गंभीर गुंतागुंत यांचे एकत्रित प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच राहिले, १५.१ आणि १५.३ टक्के. या निष्कर्षाने अनेकांना धक्का बसला. परिचारिकांनी कृती सुधारल्या, तरी मृत्यू घटले नाहीत. तेव्हा दोष सूचीत आहे, कौशल्याच्या खोलीत आहे, की गुंतागुंत झाल्यावर पुढे पाठविण्याच्या, रक्त मिळण्याच्या आणि शस्त्रक्रिया होण्याच्या साखळीत आहे, यावर वाद सुरू आहे. मला या आकड्यांत आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते : माणूस शेजारी असताना जे घडले, ते माणूस गेल्यावर ओसरू लागले.

त्यातूनच चौथ्या, म्हणजे मार्गदर्शक परिचारिकांच्या भूमिकेकडे वळता येते. कर्नाटकातील बळ्ळारी आणि गुलबर्गा जिल्ह्यांत १०८ प्राथमिक आरोग्य केंद्रे निवडून त्यांतील निम्म्या केंद्रांत अनुभवी परिचारिका ठराविक काळाने येऊन सहकारी सिस्टरांबरोबर काम करीत. त्या तपासनीस नव्हत्या. त्या प्रसूतिकक्षात उभ्या राहत, केसपेपर एकत्र पाहत, उणिवांची यादी केंद्राच्या लोकांकडूनच काढवून घेत. तेथे केंद्राची सज्जता आणि परिचारिकांचे ज्ञान दोन्ही सुधारले. बिहारमधील ‘अमानत’ कार्यक्रमात आणि रवांडातील ग्रामीण आरोग्य केंद्रांतही हीच पद्धत निराळ्या रूपात अवलंबिली गेली. परिचारिकांच्या अनुभवाच्या दृष्टीने हा प्रवाह सर्वांत अनुकूल ठरला आहे : गुण देणाऱ्याला जे सांगता येत नाही ते समव्यवसायी भगिनीला सांगता येते, आणि आपले अज्ञान कबूल केल्यावर शिक्षा न होता शिकविले जाते, याचे मोल त्या जाणतात. परंतु अशा मार्गदर्शकांचा खर्च, त्यांची नियमित पदे, आणि बाहेरील साह्य संपल्यावर पुढे काय, हे प्रश्न या प्रवाहाला आजवर नीट सोडविता आलेले नाहीत.

पाचवा प्रवाह गुणवत्तेची तपासणी लोकांकडे सोपविणारा आहे, आणि महाराष्ट्रात त्याला स्वतंत्र इतिहास आहे. २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावसमित्यांनी लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांत केंद्राची प्रगतिपत्रके भरली आणि जनसुनवाईत ती वाचून दाखविली. आरंभी मंचासमोर उभे राहून गावाच्या तक्रारी ऐकून घेणे परिचारिकांना जड गेले, हे स्वाभाविक होते. औषधे का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते, पण प्रश्न त्यांनाच विचारला जात होता. कालांतराने मात्र काही ठिकाणी तीच सभा रिक्त पदांची, निवासस्थानाची आणि औषधपुरवठ्याची मागणी जिल्ह्यापर्यंत नेण्याचे साधन ठरली, आणि गाव व केंद्र एका बाजूला, पुरवठा करणारे कार्यालय दुसऱ्या बाजूला, असे नवे बळ उभे राहिले.

दक्षिण आफ्रिकेचा पडताळा

या विषयावर परिचारिकांच्याच मुखातून सर्वाधिक साहित्य ज्या देशांतून आले, त्यांत दक्षिण आफ्रिका अग्रभागी आहे, कारण तेथील सार्वजनिक दवाखाने मुख्यतः परिचारिकाच चालवितात आणि दवाखान्याची व्यवस्थापिकाही परिचारिकाच असते. २०१३ साली तेथे ‘आदर्श दवाखाना’ कार्यक्रम सुरू झाला. सुमारे साडेतीन हजार दवाखान्यांना रुपेरी, सुवर्ण किंवा प्लॅटिनम दर्जा देण्याची त्याची पद्धत आहे. काही बाबी त्यात तडजोडीपलीकडच्या मानल्या आहेत, उदाहरणार्थ आणीबाणीची ट्रॉली सज्ज असणे आणि प्राणवायूचा सिलिंडर भरलेला असणे. या निवडीशी कोणाचाही मतभेद असण्याचे कारण नाही. परंतु सिलिंडरची खरेदी जिल्हा वा प्रांत कार्यालयाकडून व्हावयाची, इमारत जुनी आणि अपुरी, परिचारिकांची पदे रिक्त, आणि दर्जा गेला तर व्यवस्थापिकेला उत्तर द्यावे लागणार, अशी तेथील कथनेही आपल्याकडच्या कथनांशी जुळतात. त्याचबरोबर, केसपेपर लावण्याची पद्धत सुधारल्याने रुग्णाला ताटकळावे लागत नाही, वेळ ठरवून बोलावल्याने गर्दी पांगते, हे लाभही तेथील परिचारिका मान्य करतात.

या तुलनेतून एक बोध असा होतो की, परिचारिकेकडे दवाखान्याचे नेतृत्व सोपविले म्हणून अधिकाराचा प्रश्न आपोआप सुटत नाही. खरेदी, नेमणूक आणि दुरुस्ती यांची सूत्रे कोठे आहेत, यावर तो अवलंबून राहतो. आपल्याकडे तर केंद्राचे नेतृत्व वैद्यकीय अधिकाऱ्याकडे असते, त्यामुळे परिचारिकेचे म्हणणे वर जाताना आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो. प्रशिक्षित सेविकेला ऑक्सिटोसिन देण्याची, किंवा झटके येणाऱ्या मातेला पुढे पाठविण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देण्याची मुभा केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकांनी दिली आहे. औषध देण्याचा अधिकार आला, परंतु ते औषध संपल्यावर स्थानिक खरेदी करण्याचा अधिकार त्याबरोबर आला नाही.

अनिर्णित प्रश्न

पहिला अनिर्णित प्रश्न कारणमीमांसेचा आहे. उत्तर प्रदेशातील अभ्यासाने प्रक्रिया आणि परिणाम यांच्यातील जो दुवा सैल असल्याचे दाखविले, तो नेमका कोठे सैल आहे, हे ठरल्यावाचून परिचारिकेकडून आणखी किती कृतींची अपेक्षा करावी हे सांगता येणार नाही. कृतींची संख्या वाढवीत नेली आणि संदर्भसेवेची साखळी तशीच राहिली, तर तिचे श्रम वाढतील आणि माता तेवढ्याच संख्येने दगावतील, ही शक्यता गांभीर्याने घ्यावयास हवी.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. तीन वर्षांच्या प्रमाणपत्रात आणि आठ महिन्यांच्या प्रशिक्षणात साम्य एवढेच की, दोहोंना शेवट आहे. बदल्या, कंत्राटांचा खंड आणि दुसऱ्या केंद्रावरील तात्पुरत्या नेमणुका यांमुळे ज्या सिस्टरने पद्धत बसविली ती वर्षभराने तेथे असेलच असे नाही. तेव्हा गुणवत्ता व्यक्तीत राहते की संस्थेत, हे पाहण्यासाठी एकाच केंद्राचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारे अभ्यास हवेत, आणि असे अभ्यास फार थोडे आहेत.

तिसरा प्रश्न मनुष्यबळाच्या मोजणीचा. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०१२ च्या आवृत्तीत प्रसूतींच्या संख्येनुसार केंद्रांचे प्रकार आणि पदसंख्या ठरविली होती. परंतु गुणवत्तेच्या नोंदी, अंतर्गत तपासण्या आणि सभा यांना लागणारा वेळ त्या पदसंख्येच्या हिशेबात कसा धरावा, याविषयी एकमत नाही. प्रशासकांचा कल हा वेळ कामातच अंतर्भूत मानण्याकडे आहे, तर परिचारिकांच्या संघटना त्यासाठी स्वतंत्र मनुष्यबळाची मागणी करतात. लिखाणाचा भार वाजवी आहे की अवाजवी, हा वाद या हिशेबाशिवाय केवळ मतांवर चालत राहील.

चौथा प्रश्न खुद्द अनुभवाच्या मोजणीचा आहे, आणि तो मला सर्वांत नाजूक वाटतो. राष्ट्रीय मानकांत रुग्णांच्या समाधानाबरोबर कर्मचाऱ्यांच्या समाधानाचेही सर्वेक्षण अपेक्षित आहे. तेव्हा परिचारिकेचे म्हणणे ऐकण्याची तरतूद नाही असे म्हणता येत नाही. परंतु ज्या केंद्रात तीन-चार सिस्टर आहेत, तेथे नाव न लिहिता भरलेला अर्जही हस्ताक्षरावरून, पाळीवरून आणि तक्रारीच्या विषयावरून ओळखू येतो, आणि तो गोळा करणारा अधिकारी बहुधा तोच असतो, ज्याच्याविषयी त्यात काही लिहावयाचे असते. अशा स्थितीत मिळालेले समाधानाचे गुण कितपत विश्वसनीय मानावेत? हे सर्वेक्षण तालुक्याबाहेरील परिचारिकेकडून, किंवा मार्गदर्शक म्हणून येणाऱ्या भगिनीकडून घ्यावे, आणि केंद्राच्या आवाक्यातील त्रुटी व आवाक्याबाहेरील त्रुटी यांचे गुण वेगळे मांडावेत, असे दोन पर्याय विचारार्थ पुढे ठेवता येतील. पहिल्याने भीती कमी होईल. दुसऱ्याने फ्रीजच्या तक्त्याचा जाब एकाला आणि डिझेलचा जाब दुसऱ्याला विचारता येईल. याविरुद्धचा आक्षेपही विचारणीय आहे : त्रुटींची अशी वाटणी केली तर प्रत्येक उणीव आवाक्याबाहेरची ठरविण्याकडे केंद्राचा कल वाढेल, आणि जे आज थोड्या खटपटीने जागच्या जागी दुरुस्त होते तेही वरच्या कार्यालयाच्या वाटेला लागेल.

जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने उपकेंद्रांचे मूल्यांकन दूरदृश्य पद्धतीने करण्याची सोय सुरू केली. उपकेंद्रांची संख्या लक्षात घेता ही सोय समजण्याजोगी आहे, आणि दूरच्या पाड्यावरील उपकेंद्रालाही तिच्यामुळे प्रमाणपत्राची वाट खुली होते. मात्र हातात फोन धरून कॅमेऱ्यापुढे औषधांचे कपाट, कचऱ्याचे डबे आणि वह्या दाखविणाऱ्या आरोग्य सेविकेला तपासनिसाशी चार शब्द मोकळेपणाने बोलण्याची जी संधी प्रत्यक्ष भेटीत क्वचित का होईना मिळत असे, तिचे काय होते, याचा अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे. त्या वर्षी प्रमाणित झालेल्या उपकेंद्रांची तीन वर्षांची मुदत २०२७ मध्ये संपू लागेल. त्या फेरतपासणीत गुणांच्या तक्त्याबरोबर सेविकेने मधल्या काळात केलेल्या लेखी मागण्या आणि त्यांवर पडलेले शेरेही पाहिले गेले, तर जबाबदारी आणि अधिकार यांच्यातील अंतर कोठे मिटले व कोठे राहिले, याचा पुरावा अभ्यासकांना केंद्रानिहाय उपलब्ध होईल.